पंप बंद आहे

छोट्या सेहेचाळीस वर्षांचा होता. डोक्यावरचे केस गेले, दाढी पांढरी झाली, तरी ताईसाठी तो छोट्याच, आणि रागावली की बायकोही त्याला छोट्याच म्हणायची. एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तो काचा घासायचा. पुढे लोक आरशात स्वतःला निरखत फ्रेमा निवडायचे आणि मागे हा खिडकी नसलेल्या खोलीत मशीनवरच्या बारीक धारेखाली काच धरून तिची कड फ्रेमच्या मापाची करायचा. थोरली बहीण आंधळी आणि भाऊ चष्मेवाला, यात लोकांना फार गंमत वाटायची. त्यानं ती हजारदा ऐकली होती आणि दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसला होता.

ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. नवव्या वर्षी तापात तिचे डोळे गेले. मोठेपणी ती एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर झाली. अडीचशे नंबर तिला तोंडपाठ होते आणि फोनवरच्या माणसाचा श्वास ऐकून ती त्याला आधी डॉक्टरकडे जोडायचं की आधी धीर द्यायचा ते ठरवायची. लहानपणी तिला शाळेत पोचवायचं काम छोट्याकडे होतं. सहा वर्षांचा असताना एकदा त्यानं कुत्र्याची पिल्लं बघायला तिचा हात सोडला आणि ती भर रस्त्यात एकटी उभी राहिली. त्या दिवशी तिनं त्याला मारलं नाही, आईला सांगितलं नाही, फक्त एक नियम घातला. सोडायचं असेल तर आधी सांगायचं.

बारा वर्षांपूर्वी डॉक्टरनं तिला व्यायाम सांगितला, तेव्हा ती राहत्या इमारतीच्या व्हरांड्यात धावायला लागली. बावीस पावलं, भिंत, वळायचं. बावीस पावलं, जिना, वळायचं. एक दिवस घामाघूम होऊन ती छोट्याला म्हणाली, "मला एकदा न वळता धावायचंय. संपेपर्यंत." मग त्यानं बुटाची एक रुंद नाडी घेतली, दोन टोकांना दोन फास केले, एक तिच्या मनगटात आणि एक आपल्या. तोपर्यंत तो बस पकडायलासुद्धा धावला नव्हता.

यानंतर छोट्याचं आयुष्य दोन भागांत विभागलं गेलं. दिवसभर तो मागच्या खोलीतला माणूस होता, ज्याचं नाव गिऱ्हाइकांना माहीत नव्हतं. आणि आठवड्यातून तीन सकाळी तो कालव्याच्या रस्त्यावर ताईचे डोळे होता. "उतार. डावीकडे डबकं. सायकल येतेय, आत ये." पाच किलोमीटरवर नगरपालिकेचं पंपघर लागायचं. त्याची घरघर कानावर आली की ताई म्हणायची, "आला आपला म्हातारा," आणि तिथून ते परत फिरायचे. मनातून छोट्याला वाटायचं की देवानं आपल्याला घडवलं ते एवढ्याचसाठी. हे तो कुणाला बोलला नाही, पण बायकोला कळलेलं होतं. बायकांना अशा गोष्टी कळतात, त्या फक्त बोलून दाखवत नाहीत.

गेल्या वर्षी दोघं एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत उतरले. न वळता, सरळ, शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एकोणिसाव्या किलोमीटरला छोट्याला गटाराचं उचकटलेलं झाकण दिसलं. "उजवीकडे झाकण!" तो ओरडला. ताई अलगद डावीकडे सरकली. तिच्याकडे बघायच्या नादात त्याचा स्वतःचा पाय त्याच झाकणाच्या कडेवर पडला. गुडघ्यातून ओली काठी मोडावी तसा आवाज आला आणि तो आडवा झाला. पडताना नाडी मनगटातून निसटली. सांगायला वेळच नव्हता. शुद्धीत होता म्हणून त्यानं सगळं बघितलं. ताई रस्त्याच्या मधोमध उभी, हातात लोंबणारी नाडी, दोन्ही बाजूंनी माणसं पळताहेत, आणि ती मान वळवून वळवून त्याचा आवाज शोधतेय. कुणीतरी म्हणालं, चला बाई, दोनच किलोमीटर उरलेत, आम्ही नेतो. ती नको म्हणाली.

ऑपरेशन झालं. मांडीच्या मागचा दोरीसारखा स्नायूबंध काढून डॉक्टरनं गुडघ्यात तुटलेल्या लिगामेंटच्या जागी ओवला, दोन स्क्रूंनी आवळला आणि सांगितलं की वर्षभर घाई करायची नाही. लोकांना वाटतं की ऑपरेशन म्हणजे मोठं दुखणं. मोठं दुखणं नंतर येतं. पलंगावर बसून टाचेखाली टॉवेल घेऊन पाय ओढायचा, आणि तो आपला पाय असूनही ऐकत नाही. मांडी इतकी सुकली की पँट एका बाजूनं फडफडायला लागली. कुबड्या सुटल्या, मग पट्टा सुटला, मग दुकानात उभं राहणं जमायला लागलं, पण संध्याकाळी गुडघा पावासारखा फुगायचा आणि बायको न बोलता बर्फाची पिशवी आणून द्यायची. त्याला या सगळ्याचं काही नव्हतं. त्याला फक्त रोज ताईचा फोन यायचा त्याची धास्ती होती. ती कधी विचारायची नाही की कधी येतोस. इकडचं तिकडचं बोलायची आणि फोन ठेवताना म्हणायची, "घाई नाही हं." मागून व्हरांड्यात भिंतीपाशी वळणाऱ्या पावलांचा आवाज आल्यासारखं त्याला वाटायचं.

सातव्या महिन्यात तो कुणाला न विचारता नाडी घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

पहिल्याच सकाळी साडेतीन किलोमीटरवर, गंजलेल्या फाटकाशी, गुडघा आतून सरकल्यासारखा झाला. पुढे पाऊल टाकायची हिंमत होईना. परत साडेतीन जायचंच होतं. आता मी संपलो, असं त्याला स्पष्ट वाटलं. आणि तोंडातून निघालं, "चल, वळू. पाच झाले."

ताई थांबली. "म्हातारा कुठे गेला?"

"पंप बंद आहे. दुरुस्तीला काढलाय."

"असेल," ताई म्हणाली आणि वळली.

एकदा बोललेलं खोटं पोटभर खायला मागतं. पुढच्या वेळी तो पाचपर्यंत जाणारच होता. त्याच्या पुढच्या वेळी तर नक्कीच. पण फाटक आलं की गुडघा जागा व्हायचा. दोघं आता हळू पळायचे, त्यामुळे साडेतीनलाही पूर्वीच्या पाचएवढाच वेळ लागायचा, म्हणजे घड्याळाचीही सोय झाली. ताई मधूनमधून विचारायची, "झाला नाही का रे दुरुस्त?" तो म्हणायचा, "सुटे भाग मिळत नाहीत." हा शहाणा माणूस हे विसरला की त्या पंपाचं पाणी रोज सकाळी त्याच्या नळाला येतं आणि ताईच्याही नळाला येतं.

तिकडे ताईच्याच हॉस्पिटलात त्याचे व्यायाम बघणारी फिजिओबाई होती. तिशीतली, चटपटीत, ताईच्या ओळखीची. ती दर पंधरवड्याला टेपनं त्याची मांडी मोजायची. तिनं त्याला फक्त तीन किलोमीटरची परवानगी दिली होती, तेव्हा तिला तो तीन सांगायचा. ताईला दहा, फिजिओबाईला तीन आणि खरे सात. रात्री पाठीवर पडून तो या तीन आकड्यांकडे बघत राहायचा. एकदा बायको अंधारात म्हणाली, "अहो, तुम्हाला धावायचंय की ताईंना धाववायचंय?" त्यानं झोप लागल्याचं सोंग घेतलं. त्याला उत्तर माहीत होतं आणि त्याची लाज वाटत होती. ताई दुसऱ्या कुणाबरोबर धावली असती तर शर्यत पुरी झाली असती. पण मग छोट्याकडे उरलं काय? ती मागची खोली.

यंदाच्या शर्यतीला महिना उरला असताना गुडघा इतका सुजला की डॉक्टरनं सुईनं पाणी काढलं. नंतर फिजिओबाई बर्फ लावत म्हणाली, "तुमचं तीनच किलोमीटरवर हे असं होतंय म्हणजे काळजीचंय. बहिणीचं बघा. ड्यूटी संपली की इथे येतात, ट्रेडमिलची दांडी धरून तीन किलोमीटर पळतात आणि मग घरी. हल्ली रविवारी दुपारी चौदासुद्धा मारतात."

"कधीपासून?" छोट्यानं विचारलं.

"झाले की तीनेक महिने. आठवड्यातून तीन वेळा. मी विचारलं, ताई हे काय, तर म्हणाल्या, सकाळचं उरलेलं संपवते."

छोट्या टेबलावर पडून छताकडे बघत राहिला. दहा उणे सात. त्यानं गिळलेलं प्रत्येक किलोमीटर त्याच दिवशी संध्याकाळी, दिवसभर फोन घेऊन झाल्यावर, ती एकटी दांडी धरून पुरं करत होती. पहिल्या दिवसापासून. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा फिजिओबाईनं बर्फ काढला. तिला वाटलं, गार लागलं.

दुसऱ्या सकाळी फाटकाशी तो थांबला, पण वळ म्हणाला नाही.

"ताई, पंप चालू आहे. आपण तिथपर्यंत जातच नव्हतो."

"माहितीये. घरी पाणी येतंय."

"मग बोलली का नाहीस?"

ताईनं नाडीला थोडा पीळ दिला आणि सोडवला. "काय बोलू? ऑपरेशन झाल्यापासून तुझा आवाज फोनवर कसा यायचा ते मला माहीत आहे. तसे आवाज मी दिवसभर ऐकते. इथे आलास की जरा माणसासारखा बोलायचास. म्हटलं, तीन किलोमीटर गेले तर गेले." मग म्हणाली, "पण शर्यतीत काय करशील? तिथे कोणता पंप बंद पाडशील?"

छोट्या फाटकाला टेकला.

"खरे किती जमतात?"

"सात."

"शर्यतीत पुढे नेशील का म्हणून फिजिओबाईला मी विचारून ठेवलंय. हो म्हणाली. पण मी म्हटलं, आधी छोट्याला विचारते."

त्याला राग आला. इतका की नाडी तोडून कालव्यात फेकावी असं वाटलं. विचारून ठेवलंय, म्हणे. बारा वर्षं खड्डे कुणी बघितले? पण रागाखाली जे होतं ते जास्त वाईट होतं. ती बरोबर होती. तो म्हणाला, "सातपर्यंत मी. पुढे ती."

"चालेल," ताई म्हणाली. परत येताना दोघं चालतच आले.

फिजिओबाईनं त्याला सातसाठी शिव्या घातल्या, मग घट्ट पट्टा बांधून दिला. महिनाभर तो एक पाऊल धावला नाही. त्याऐवजी फिजिओबाईला कालव्यावर नेऊन, फाटकाशी बसून, ताईला कसं सांगायचं ते शिकवत राहिला. पायरी म्हणू नकोस, वर की खाली ते म्हण. सावलीला घाबरू नकोस, सावली तिला लागत नाही. नाडी ओढू नकोस. आपलं घर दुसऱ्याला दाखवताना माणूस एकेक कोपरा दाखवतो तसं त्यानं सगळं दाखवलं. मग त्या दोघी पंपघराकडे दिसेनाशा व्हायच्या आणि तो गुडघ्यावर हात ठेवून बसायचा.

शर्यतीच्या दिवशी गर्दीत त्यानं ताईच्या मनगटात फास घातला, दुसरा आपल्या. पहिले तीन किलोमीटर गुडघा गप्प होता. चौथ्याला बोलायला लागला, सहाव्याला ओरडायला लागला. "खाली. डावीकडे वळण, लांब. समोर मोकळं." त्याचा आवाज मात्र एकदाही डगमगला नाही, कारण त्याचं सगळं बळ त्यानं तिथे लावलं होतं.

सातव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल होतं. त्याच्या पुढे फिजिओबाई हात पुढे करून उभी होती. छोट्याला ती दिसली आणि तो तिच्या शेजारून तसाच पुढे गेला.

ती गडबडली आणि मागून धावत आली. छोट्याच्या शेजारी येऊन पळायला लागली. छोट्या पळत राहिला. एक पाऊल, अजून एक, फक्त त्या वळणापर्यंत, फक्त त्या खांबापर्यंत. वळण गेलं, खांब गेला. गुडघा आतून सरकला, परत बसला. पुढे चौदा किलोमीटर होते आणि त्यात कुठेतरी एक झाकण होतं, आणि त्याला दिसत होतं की आता पडलो तर ताई परत रस्त्याच्या मधोमध उभी राहणार.

"ताई," तो म्हणाला. श्वास पुरेना. "सोडतोय."

"ऐकलं," ताई म्हणाली. तिनं वेग कमी केला नाही.

त्यानं मनगटातला फास काढला आणि पळता पळताच फिजिओबाईच्या हातात दिला. "किती झाले?" ताईनं विचारलं.

"सात," छोट्या मागे पडत ओरडला. "वर थोडी पावलं."

"दोनशे चाळीस," ताई म्हणाली, आणि त्या दोघी पुढे गेल्या.