बियांगचा पाकोल

आमच्या बेटावर बियांगच्या वाटेला कुणी जात नसे. जीभ तिखट आणि मारायला हात त्याहून सैल. नवऱ्याला, क्रिसान्तोला, तिने भर बाजारात चपलेने बडवलेलं मी पाहिलंय. मी तिची शेजारीण. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलंही होतं.

विष फवारून मासे धरणाऱ्यांवर तिचा फार राग. तिचा भाऊ त्याच धंद्यापायी मेला. बुडी मारून वर आला आणि तहानेच्या भरात विषाची बाटली पाण्याची समजून तोंडाला लावली.

आमचे रंगीत मासे परदेशात लोक घरात काचेच्या टाकीत ठेवतात. पण तिथे पोचले की ते पटापट मरायचे. ते विकत घेणारा सेबू शहरातला व्यापारी वैतागला. म्हणाला, "जाळ्याने धरलेला एक मासा तुमच्याच घरात जत्रेपर्यंत जगवून दाखवा. जगला तर फक्त जाळीवाल्यांचा माल घेईन, विषवाल्यांना दारात उभं करणार नाही. मेला तर या बेटाला रामराम."

बियांगने पैज घेतली. क्रिसान्तोने पाकोल आणून दिला. काळा मासा, पोटावर पांढरे ठिपके, पिवळे ओठ आणि शिंपले फोडणारे दात. "जाळ्यानेच धरलाय," त्याने गावच्या संताची शपथ घेतली. बियांग रोज समुद्राचं पाणी डोक्यावरून आणून टाकीत ओतायची. सोबतीला सोडलेल्या माशाचे पाकोलने आधी डोळे फोडले, मग पोट फाडलं. ती खूश. "माझ्यावर गेलाय मुडदा!"

विषवाल्यांचा म्होरक्या तेओफिलो. एका रविवारी तो माडी पिऊन, हातोडा घेऊन तिच्या घरात घुसला.

"ए बियांग, एका माशापायी आमच्या चुली विझवतेस?"

"विषाची बाटली त्या चुलीपाशीच ठेवतोस ना रे? पोरं मेली की ये रडायला!"

त्याने हातोडा घातला. टाकी फुटली, पाणी उंबऱ्याबाहेर गेलं, पाकोल काचांत तडफडू लागला. बियांगने तो हातांनी उचलला. माशाने तिच्या बोटाचं टोक तोडलं, तरी तिने सोडला नाही. शेजारच्या पिंपात खारं पाणी होतं, त्यात त्याला टाकलं आणि मग ती काच घेऊन वळली. मी मधे पडले नाही. तेओफिलोचा डावा डोळा गेला.

पाकोल वाचला. नवी टाकी आली. तो खायचाही, पण पोट आत जात चाललं. जत्रा तोंडावर आली आणि एका सकाळी तो उताणा तरंगताना दिसला. खाऊनही वाळत जाणारा मासा विषाने जळलेला असतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

"बोल," ती क्रिसान्तोला म्हणाली.

"पाकोल तो! पाठीचा काटा उभारून खडकाच्या भोकात रुतून बसला. जाळं काय करणार? एकच फवारा मारला गं. मासा आणल्याशिवाय घरात पाऊल टाकू नकोस, असं तूच म्हणालीस."

तिने त्याला मारलं नाही. मला भीती वाटली ती तेव्हा. मासा केळीच्या पानात घेऊन ती तेओफिलोच्या अंगणात गेली. मी मागोमाग. तो डोळ्याला पट्टी बांधून बसला होता.

"हा विषाचाच होता," तिने पान त्याच्यापुढे ठेवलं. "माझ्याच घरातलं विष. व्यापाऱ्याला मीच सांगेन. तू आता मार."

तेओफिलोने भिंतीला टेकवलेलं वल्हं उचललं. "डोळा घेऊ?"

"तुझी मर्जी."

त्याने खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला फाटकापाशी ऐकू आला. तिने हात वर केला नव्हता. ती वाळूत पडली. इतक्यात क्रिसान्तो ओरडत धावत आला आणि तेओफिलोच्या अंगावर जाऊ लागला.

"मधे पडू नकोस," ती खालूनच म्हणाली. "तुझी पाळी घरी गेल्यावर."