कर्ता कुठाय?

एका स्वल्पविरामासाठी भर सभेत उभं राहून भांडणारं माणूस साऱ्या रत्नागिरी तालुक्यात एकच निपजलं, आणि ते म्हणजे आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लागून होती, त्यामुळे त्यांच्या लढाया मला पुढच्या रांगेतून बघायला मिळाल्या. अंगाने काडी, आवाज मात्र असा की वर्गात बोलल्या तर मैदानावर कवायत करणारी पोरं आपोआप सावधान व्हायची.

त्यांचं सारं प्रेम आणि सारा राग इंग्रजीतल्या एका वाक्यरचनेवर खर्च झाला होता. आपण मराठीत 'जेवून तो झोपला' म्हणतो ना, तसं इंग्रजीत 'हॅविंग' लावून वाक्य सुरू करायची एक तऱ्हा आहे. हॅविंग ईटन, ही स्लेप्ट. नियम एवढाच, की जो जेवला तोच झोपायला हवा. जेवला एक आणि झोपला दुसराच, असं झालं की बाई खडू खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "कर्ता कुठाय?" हा प्रश्न ऐकून घाम फुटलेली माणसं आज मुंबईत आणि आखातात मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत. पोरं पाठीमागे त्यांना 'हॅविंगबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. "म्हणू देत," त्या मला म्हणाल्या, "तेवढा एक शब्द तरी जन्मभर चुकणार नाहीत."

बाकीचे शिक्षक त्यांना समजवायचे. एका मार्काचा प्रश्न, तोही कधी येतो कधी नाही. ऑप्शनला टाका की. बाई ताडकन उत्तर द्यायच्या, "मार्क बोर्डाचे आहेत, भाषा माझी आहे." मग हक्काने माझा चित्रकलेचा तास मागून घ्यायच्या. मी देऊन टाकायचो, कारण नाही म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं. आणि खरं सांगायचं तर मागे बसून ऐकायला मजा यायची. एकदा मिरकरवाडा बंदराकडच्या एका मुलाने लिहिलं, 'हॅविंग कुक्ड द फिश, माय फादर केम होम.' बाईंनी त्याला उभं केलं. "मासे आईने शिजवले नि वडील घरी आले, असं म्हणायचंय ना? मग हे काय लिहिलंस? तुझे वडील काय मासे शिजवून मग घरी आले?" पोरगा शांतपणे म्हणाला, "होय बाई. बोटीवर तेच शिजवतात. आमची आई त्यांना म्हणते, तुमच्यासारखं कालवण मला नाय जमत." बाईंनी वही परत घेतली, लाल फुली खोडली आणि म्हणाल्या, "वाक्य बरोबर आहे. चूक माझी. सॉरी." त्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत पैकीच्या पैकी मिळाले, आणि आठवडाभर तो शर्टाची कॉलर ताठ करून हिंडत होता.

शाळेबाहेरही त्या कुणाला सोडत नसत. गावातल्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका हौसेने इंग्रजीत छापली होती. त्यात होतं, 'हॅविंग टाइड द नॉट, लंच विल बी सर्व्ड.' बाई लग्नाला गेल्या, आहेर दिला, पंगतीत बसल्या, आणि जिलबीचा आग्रह करायला आलेल्या वधूपित्याला म्हणाल्या, "अहो, तुमच्या पत्रिकेप्रमाणे लग्नगाठ जेवणाने बांधलीय." ते बिचारे गोंधळून म्हणाले, "पण बाई, पत्रिका तर वाटून झाल्या." "मग पुढच्या मुलीच्या वेळी सुधारा." "मला एकच मुलगी आहे हो!" बाईंनी क्षणभर विचार केला. "बरं, मग जिलबी वाढा," म्हणाल्या. स्वतःची चूक नसताना त्यांनी घेतलेली माझ्या माहितीतली ही एकमेव माघार.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो, ते त्या वळूपर्यंत.

झालं असं, की एका संध्याकाळी शाळेच्या मागच्या फाटकातून एक मोकाट वळू आत आला आणि थेट नव्या संगणकांच्या खोलीत शिरला. दाराची कडी कधीचीच सैल होती. आत त्याला काय दिसलं कोण जाणे, पण बाहेर पडेपर्यंत त्याने टेबलं उलथी केली, मॉनिटरांचा चुरा केला आणि एक कळफलक शिंगाला अडकवून मैदानाला फेरी मारली. आवाज ऐकून समोरच्या व्हरांड्यात डुलकी काढत असलेले शिपाईमामा धावले आणि काठी घेऊन त्याच्यामागे पळत सुटले. दुसऱ्या दिवशी सगळी शाळा हसत होती. हसत नव्हते ते फक्त मामा. त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती, आणि नुकसान झालं की कुणाच्या तरी डोक्यावर ते बसणार, हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं.

ते मागचं फाटक एरवी बंद असे. त्याची किल्ली संस्थेच्या कार्यवाहांकडे होती, आणि फक्त त्यांची गाडी तिथून ये-जा करी. त्या संध्याकाळी मी आणि बाई समोरच्याच थांब्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. गाडी बाहेर पडली, कार्यवाह फोनवर बोलत निघून गेले, फाटक तसंच राहिलं. मी ते पाहिलं आणि मामा लावतील म्हणून विसरलो. तेवढ्यात आमची एसटी आली.

चार दिवसांनी दुपारी सभा बोलावली. संस्थेचं मुख्य कार्यालय मुंबईत, म्हणून कार्यवाहांनी अहवाल इंग्रजीत लिहून आणला होता. खाली आम्ही सगळ्यांनी सह्या करायच्या. त्यांनी तो वाचून दाखवला. 'हॅविंग लेफ्ट द बॅक गेट ओपन, द प्यून वॉज अस्लीप व्हेन अ बुल एंटर्ड द कॉम्प्युटर रूम.' पेन फिरायला लागलं. मामा दाराशी उभे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण 'प्यून' एवढं कळलं.

बाई उठल्या. "कर्ता कुठाय?"

कार्यवाह हसले. "बाई, हा काय वर्ग आहे?"

"फाटक कोणी उघडं टाकलं ते या वाक्यात कुठाय?"

"कुणाचंच नाव घेतलेलं नाही. मुद्दामच. उगाच कुणाला दुखवायला नको."

"घेतलंय," बाई म्हणाल्या. "स्वल्पविराम ओलांडला की जो पहिला भेटतो, आधीचं सगळं त्याच्या गळ्यात पडतं. स्वल्पविरामाच्या पलीकडे मामा उभे आहेत. तुमच्या वाक्याप्रमाणे फाटक मामांनी उघडं टाकलं."

"बाई, व्याकरणाचं राहू द्या. मराठीत बोलू."

"बोला की! 'फाटक उघडं टाकून शिपाई झोपला.' काय बदललं? आणि आपल्या रत्नागिरीत तर त्याहून सोपं आहे. आपण 'टाकलंन' म्हणतो, शेवटचा 'न' म्हणजे 'त्याने'. 'टाकलंन' म्हटलं की टाकणारा क्रियापदालाच चिकटून येतो. आता सांगा, कोणी टाकलंन?"

बाईंनी अहवाल हातात घेतला आणि वर्गात सांगतात तशा सावकाश म्हणाल्या, "आधीचं काम एकाचं नि नंतरचं दुसऱ्याचं असेल, तर त्यालाही इंग्रजीत सोय आहे. करणाऱ्याला 'हॅविंग'च्या आधी बसवायचा. द सेक्रेटरी हॅविंग लेफ्ट द बॅक गेट ओपन, अ बुल एंटर्ड. असं लिहा, मी पहिली सही करते. मी थांब्यावर होते. बघितलंय मी."

"मीपण होतो," मी म्हणालो. गणिताच्या सरांनी पेन टेबलावर ठेवलं, ते पुन्हा कुणी उचललं नाही.

अहवाल मुंबईला गेलाच नाही. संगणक गुपचूप दुरुस्त झाले, मागच्या फाटकाला नवं कुलूप आलं, आणि मामा वेळेवर पेन्शनीत निघाले. बाईंना मात्र पुढच्या जूनमध्ये दहावी काढून घेऊन पाचवी दिली. मामा त्यांच्यासमोर हात जोडून म्हणाले, "बाई, माझ्यापायी कशाला वाकड्यात शिरलात?" बाई उलट त्यांच्यावरच खेकसल्या, "तुमच्यापायी नाही हो, वाक्य चुकलं होतं!" आणि पाचवीच्या वर्गात जाऊन पहिल्याच तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: हॅविंग. मुलांना तेव्हा धड 'हॅव' येत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीआधी ती पोरं 'हॅविंग लॉस्ट माय पेन्सिल' म्हणून रडायला लागली.

निवृत्तीनंतर बाई खेडला बहिणीकडे राहायला गेल्या. परवा मी त्यांना भेटून आलो. थकल्या आहेत. काठी घ्या म्हटलं तर घेत नाहीत. भिंतीला धरून चालतात आणि ती भिंत आपल्याला धरून आहे अशा रुबाबात चालतात. बहीण म्हणाली, हल्ली मध्येच विसरायला होतं. पण माझ्याशी तासभर कडाकडा बोलल्या. नव्या पुस्तकांना नावं ठेवली, मला दाढी शोभत नाही म्हणाल्या, बहिणीच्या चहाला 'गरम पाणी' म्हणाल्या.

निघताना पायरीपर्यंत आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "सर, तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या दिवशी सभेत तुम्ही..." आणि थांबल्या. पुढचं त्यांना सापडेना. मी वाट बघत उभा राहिलो. मला वाटलं, आता चिडतील. पण बाई लहान मुलीसारख्या हसल्या आणि म्हणाल्या, "जाऊ दे. आठवलं की फोन करेन."

वाक्य अर्धं सोडून हसणाऱ्या बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो. अजून त्यांचा फोन आलेला नाही. शाळेत हल्ली तासाला फोन बंद ठेवायचा नियम आहे. मी तो पाळत नाही.