साडेसतरा दोऱ्यांचं मैदान

माझी मिलिटरीतली नोकरी एकूण दीड दिवसाची. जवानीत नागपूरला भरतीच्या रांगेत उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी छाती मोजली, ती फुगवूनही कमी भरली आणि मी परतीच्या एसटीत बसलो. पण त्या दीड दिवसात जे पाहून आलो, त्याच्या जोरावर मी चाळीस वर्षं घरात हुकूम चालवला. चौथी शिकलेल्या माणसाला एवढी पदवी पुष्कळ झाली.

कपाशीवर गुलाबी अळी पडली ती वर्षं होती. बोंड बाहेरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत किडकी, वाळकी कवडी निघायची. गावातल्या पोरापोरींनी शेतीवरचं मन काढून घेतलं आणि पोलीस भरतीच्या मागे लागली. माझी धाकटी पोरगीही लागली. घरात ठरलं होतं, ही भरती झाली तर वर्दी, नाही तर उन्हाळ्यात पाहुणे बघायला येतील. हे ठरवणारा मीच.

तिच्या बरोबरीच्या मुली जीपनं दारव्ह्याला जाऊन ग्राउंडवर धावायच्या. तिलाही जायचं होतं. मी म्हटलं, "तिथल्या मास्तरनं मिलिटरी पाह्यली काय? मी शिकवतो तुले."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे चारला शिट्टी. शिट्टी झाली की पाच मिनिटांत अंथरूण घडी करून कोपऱ्याला कोपरा लावून ठेवायचं, थंड पाण्यानं तोंड धुवायचं आणि अंगणात सावधान. चहा धावून आल्यावर. हा नियम पोरीला. मला बायको शिट्टीच्या आधीच कपभर द्यायची, कारण त्याशिवाय शिट्टीत हवा भरली जात नव्हती.

"फौज उपाशी अन् मेजर पिऊन राह्यला," बायको म्हणायची.

"हुकूम देणाऱ्याचं काम येगळं असते," मी म्हणायचो.

माझं अंथरूण तीच घडी करायची, हेही सांगून टाकतो.

शेताकडे जाणाऱ्या आमच्या पांदणीवर मी मैदान आखलं. आठशे मीटर पाहिजे होते. मीटर म्हणजे सव्वातीन फुटांहून जरा जास्त, हे मला ठाऊक होतं. कपाशी टोबायची दोरी घरात होतीच. तिच्यावर सारख्या अंतरानं गाठी असतात, गाठीगाठीवर सरकी लावत जायचं. पन्नास गाठी, तीन-तीन फुटांवर. भिंतीवर खडूनं हिशोब केला आणि साडेसतरा दोऱ्या निघाल्या. कडुनिंबापासून मोजत गेलो आणि नाल्याच्या मोरीपुढे चुना लावून दगड ठेवला. मग मफलर गुंडाळून पोरीचा मोबाइल हातात घेऊन त्या दगडापाशी उभा राहू लागलो. दूध घेऊन जाणारे म्हणायचे, "काय मेजरसायेब, बॉर्डर शांत हाय ना?" मी मान हलवायचो. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

पोरगी धावायची. तीन मिनिटांच्या आत यायला पाहिजे होतं, पण तिला लागायची साडेचार मिनिटं. महिन्याभरानं सव्वाचार, मग चार. चारवर येऊन अडकली ती अडकलीच. मी शिट्टी साडेतीनवर आणली, भात बंद केला, पाठीवर वाळूची पिशवी दिली. रोज एकच बोल लावायचो, "मनात नाई तुह्या. मनात असतं तं पाय आपोआप पळते." ज्याची छाती मनात असूनही फुगली नव्हती, तो हे बोलत होता.

फॉर्म भरायला तीन दिवस उरले तेव्हा ती दगडापाशी आली, वाकून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी फॉर्म नाई भरत. माह्यात नाई ते. पाहुणे येऊ द्या."

तिचा आवाज रडका नव्हता. तेच मला लागलं.

दुपारी मला एक युक्ती सुचली. दगड थोडा अलीकडे घ्यायचा. वेळ कमी दिसेल, पोरीला हुरूप येईल, फॉर्म तर भरेल. किती सरकवायचा ते पाहायला दोरी काढली. बायको तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"चार फुटाची दोरी घेऊन कुठी चालले?"

"तीनची हाय."

"बाप्पा, तुमीच तं गाठी बदलवल्या. सारं गाव तीनवर टोबत होतं, तुमी म्हटलं, नव्या बियाण्याले चार फूट पाह्यजे. दोन दिवस मले गाठी सोडायले बसवलं, अन् आता इसरले?"

विसरलो नव्हतो. गावाच्या विरुद्ध वागलो एवढंच लक्षात ठेवलं होतं, गाठी ठेवल्या नव्हत्या. मी हाताच्या वितीनं गाठ मोजली. चार फूट. पुन्हा भिंतीपाशी जाऊन हिशोब केला, तर तेरा दोऱ्यांहून जराशाच जास्त निघाल्या. पोरगी तीन महिने हजार मीटरच्याही वर धावत होती आणि मी तिला मन नाही म्हणून झापत होतो.

सांगून टाकायचं होतं. पण मेजरच्या तोंडून "चुकलो" कसं निघावं? मी दगड उचलला, बरोबर जागी आणून ठेवला आणि गप्प बसलो. म्हटलं, सुधारणा झाली की शिकवण्याचं नाव होईल.

दुसऱ्या दिवशी "आखरी खेप पळून पाह्य" म्हणून तिला नेलं. ती आली तेव्हा मोबाइलवर दोन मिनिटं पंचावन्न. मी ओरडून वेळ सांगितला. तिनं मोबाइलकडे पाहिलंच नाही. मोरी कुठे आहे आणि दगड कुठे आहे, ते पाहत राहिली.

"बाबा, दगड सरकवला तुमी."

"हो, पण..."

"माह्यी कीव आली तुमाले? खोट्या दगडावर फॉर्म भरू काय मी?"

आता खरं सांगितलं तरी ते खोटंच वाटणार होतं. सांगितलं. दोरी, गाठी, भिंत, सगळं. ती म्हणाली, "तुमी काई बी सांगसान. मिस्त्रीकाकाचा टेप आणा."

गावच्या गवंड्याचा टेप मागून आणला. ती पुढचं टोक धरून चालली, मी मागचं धरून. तीस-तीस मीटरची एकेक मोजणी, प्रत्येक वेळी मी वाकायचं आणि खूण करायची. दूधवाल्यानं विचारलं, "मेजर, रस्ता पास झाला काय?" पोरगी म्हणाली, "नाई काका, बाबाची चूक मोजून राह्यलो." मी वाकलेलाच राहिलो. आठशे मीटर बरोबर त्या दगडापाशी संपले. ती तशीच टेप ओढत जुन्या जागेपर्यंत गेली. अडीचशेच्या वर भरलं.

तिनं टेप गुंडाळला. मग म्हणाली, "म्हंजे माह्यात होतं."

"होतं," मी म्हटलं. "माह्यी चूक झाली, बाई." हे वाक्य मी घरात पहिल्यांदाच बोललो. आभाळ काही कोसळलं नाही.

"उद्यापासून मी जीपनं दारव्ह्याले जातो. तुमी झोपा."

त्याच दिवशी बोरी अरबला जाऊन तिनं फॉर्म भरला. मी सोबत गेलो, तिनं सांगितलं तिथे सही केली.

भरतीच्या दिवशी मला गेटाबाहेरच थांबवलं. दोन तासांनी ती मातीनं भरलेले बूट घेऊन बाहेर आली.

"दोन सत्तेचाळीस," ती म्हणाली. "लेखी राह्यली आता."

मला पुष्कळ बोलायचं होतं. बोललो ते असं, "वळणावर जराशी ढिली पडली होतीस."

"तुमी तं गेटाबाहेर होते, बाबा. तुमाले काय दिसलं?"

"काई नाई दिसलं," मी म्हटलं, आणि तिच्या हातातले बूट घेतले.