जुना आण आधी

आमच्या मामांइतका टापटिपीचा माणूस सबंध कोल्हापुरात झाला नसेल, आणि त्यांच्या खणाइतका पसारा सबंध जिल्ह्यात कुठे नसेल. दोन्ही गोष्टी मी शपथेवर सांगते, कारण हे मामा म्हणजे माझे सासरे, आणि तो खण म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एकुलता एक खण. त्र्याण्णव साली लग्न होऊन हातकणंगल्याहून मी या घरात आले, तेव्हा चमचे पत्र्याच्या एका डब्यात उभे होते. टेबलाला एवढा मोठा खण असताना चमचे डब्यात का, असं मी दुसऱ्याच दिवशी सासूबाईंना विचारलं. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "खण त्यांचा हाय. तेवढा सोडून बाकीचं घर तुझं." मी नवी होते, अंगात रग होती. म्हटलं, महिन्याभरात चमचे खणात.

मामा एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. सोमवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून सोमवार हा खण लावायचा वार. आंघोळ करून, कपाळाला अंगारा लावून ते खण बाहेर ओढायचे. तो सरळ कधीच यायचा नाही. आधी उजवा कोपरा उचलायचा, मग गुडघा टेकायचा, मग तो एकदम मांडीवर यायचा. जुन्या वर्तमानपत्रावर तो उपडा केला की स्टोच्या पिना, नळाच्या वायसरी, फ्यूजची तार, पेनांची टोपणं, सायकलचे छर्रे, संपलेले सेल, घड्याळाचा अर्धा पट्टा, जोडी नसलेली चपलांची बकलं असा सगळा संसार बाहेर पडायचा. मामा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून त्याचे ढीग पाडत. पितळी, लोखंडी, रबरी, आणि चौथा 'बघू'. 'बघू'चा ढीग सगळ्यांत मोठा. दोन तासांनी कागदावर अशी शिस्त उभी राहायची की बघत बसावं. मग मामा समाधानानं ते चारही ढीग एकामागून एक त्याच खणात ओतायचे, खण लागत नाही म्हणून गदागदा हलवायचे आणि हात झटकत म्हणायचे, "लागलं बघ आता."

एकदा मी बारा कप्प्यांचा प्लॅस्टिकचा डबा आणून दिला. मामांनी तो उन्हात धरून पाहिला, झाकण चारदा उघडून मिटलं आणि म्हणाले, "झकास हाय. वापरून कशाला खराब करायचा?" डबा 'बघू'च्या ढिगात गेला. त्याच रागात मी खणातली एक पिवळी किल्ली केरात टाकली. पुढच्या सोमवारी जेवणाआधी मामांनी विचारलं, "पिवळी किल्ली कुठं हाय?" मी उलट विचारलं, "तिचं कुलूप कुठं हाय?" ते शांतपणे म्हणाले, "कुलूप येईल की." आणि ताटावर बसेनात. शेवटी मीच परसातला उकिरडा काठीनं उकरून किल्ली आणली, धुऊन हातात दिली. कुलूप आजवर आलेलं नाही.

पण गल्लीत काहीही मोडलं की पाय आमच्याच दाराकडे वळत. "मामा, स्टोची पिन हाय काय?" "व्हय, हाय की. जुनी आण आधी." हा त्यांचा नियम. कारखान्यात झिजलेलं हत्यार जमा केल्याशिवाय स्टोअरमधून नवं मिळत नसे, आणि मामांनी तोच कायदा घरी आणला होता. त्यामुळे खणातून एक चांगली वस्तू गेली की एक मोडकी आत यायची, आणि खण कधी म्हणून रिकामा होत नसे. गल्लीतले एक पैलवान, दारात मावत नसत असा देह, वाकडी पिन आणायला घरी परत गेलेले मी पाहिले आहेत. मामा ती वाकडी पिन उजेडात धरून त्यांना विचारत, "एवढी वाकलीच कशी? पिन हाय का कुस्तीतला गडी?" आणि पैलवान मान खाली घालून उभे राहत.

दोन हजार साल उलटलं. मामा निवृत्त झाले होते, सोमवार मात्र चालूच होता. पण घरोघरी गॅस आला, स्टो माळ्यावर गेले. काही बिघडलं की लोक नवंच आणू लागले. आधी आठवड्यात कुणीतरी यायचं, मग महिन्यात, मग कुणीच नाही. एका सोमवारी मामांनी खण काढला नाही. पुढच्या सोमवारीही नाही. अंगारा लावून नुसते दाराकडे तोंड करून बसले. दुसरी भाकरी नको म्हणू लागले. आणि तिसऱ्या सोमवारी मला हाक मारून म्हणाले, "पोरी, खण घे तुला. चमचं ठेव त्यात."

इतकी वर्षं ज्यासाठी भांडले, ते असं हातात आलं, आणि मला रडूच आलं. चमच्यांच्या डब्याला मी हातही लावला नाही.

पुढच्या सोमवारी आमटी उतरवल्यावर मी कुकरच्या दांड्याचा स्क्रू काढला आणि लोंबत्या दांड्यासकट कुकर घेऊन मामांपुढे उभी राहिले. "मामा, स्क्रू पडला बघा ह्येचा. हाय काय तुमच्याकडं?" त्यांनी दांडा हलवून पाहिला. डोळ्यांत जरा जीव आला. "जुना आण आधी."

"हरवला की."

"हरवतोय कसा? घरातच आसंल." पण ते उठले. कोपरा उचलला, गुडघा टेकला, कागदावर खण उपडा झाला, आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. स्क्रू काढल्यावर तो लपवायचा कुठे, याचा विचारच मी केला नव्हता. या घरात सुटा स्क्रू जिथे जातो, तिथेच माझ्या हातानं तो टाकला होता. मामांनी एका मिनिटात तो बरोबर उचलला. बोटांत फिरवला, नाकाशी नेला. "ह्येला आमटीचा वास हाय," म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. दांडा बसवला, स्क्रू पिळला, कुकर माझ्या हातात दिला आणि ढीग पाडायला बसता बसता म्हणाले, "पुढल्या सोमवारी दुसरं कायतरी काढ. ह्येचं आटं झिजतील."

त्यानंतर पाच वर्षं आमच्या घरात दर सोमवारी काहीतरी निखळत होतं. कधी खिडकीची कडी, कधी कपाटाची मूठ, कधी सासूबाईंच्या चष्म्याची काडी. ती त्यांनी स्वतःच काढून दिली होती. मामा प्रत्येक वेळी आधी जुना मागत, मी प्रत्येक वेळी हरवला म्हणत असे, आणि दुपारी ते दोन भाकऱ्या खात.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कुकरच्या स्क्रूचे आटे खरंच झिजले आहेत. दांडा नुसता फिरतो, मी फडक्यानं धरून कुकर उतरवते. खण माझा आहे, मला अडवणारं कुणी नाही. चमचे अजून पत्र्याच्या डब्यातच उभे आहेत.