आत्या पाहुणी म्हणून गेली नाही

आमची आत्या जिंतूरच्या बसस्टँडवर गाडीचा बोर्ड वाचत नसे. जी एसटी सुटायच्या बेतात असेल तिच्यात चढायची आणि कंडक्टरला सांगायची, "ही जिथवर जायलीय तिथलं द्या." संध्याकाळी परतताना कुठल्याशा अनोळखी बाईनं दिलेली शेतातली वाळकं, काकड्या तिच्या पिशवीत असायची. मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊनही बरीच वर्षं झालेली, त्यामुळं अडवणारं कुणी नव्हतं. असतं तरी ती थांबली असती असं मला वाटत नाही.

एकदा माझ्या चुलतभावानं तिला हौसेनं महाबळेश्वरला नेलं. परत आल्यावर म्हणाली, "आराम लय झाला. पर तिथं कोण राहतंय ते काई कळलं न्हाई." सुट्टीला तिची ना नव्हती. थंड हवा खावी, पाठ टेकावी, यावं. "पर त्याला फिरणं म्हणू नका, बाबांनो. फिरायचं तर कुणाला काई तरी इचारावं लागतंय."

नव्या गावात उतरली की ती आधी पिठाची गिरणी गाठायची. "देवळात समदे गोड बोलतेत. गिरणीवर नंबर लागेस्तोवर बाया खरं बोलतेत."

माझं लग्न ठरत आलं तेव्हा मुलाचं घर बघायला मोठी मंडळी जीप करून पालमकडं गेली. पोहे, जिलबी, शाली, सगळं साग्रसंगीत. माझे वडील, अण्णा, इतके खूश की आल्या आल्या पेढे वाटून मोकळे. आत्या एवढंच म्हणाली, "खाणं चांगलं होतं."

पुढच्याच आठवड्यात ती एकटी एसटीनं त्या गावी जाऊन आली. माझ्यासमोरच अण्णांना म्हणाली, "पोरगं वाईट न्हाई. पर त्याचं मन परभणीच्या एका पोरीवर हाय. गिरणीवर कळलं, मंग शेतात जाऊन त्यालाच इचारलं. रडायला लागलं. बापाला भेतंय."

अण्णा भडकले. "तुला कुणी पाठवलं होतं, आक्का?"

"कुणीच न्हाई. म्हणून तर दिसलं."

लग्न मोडलं. चारचौघांत नाक कापलं गेलं म्हणून अण्णांनी सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकलं. मला मात्र हायसं वाटलं. मन दुसरीकडं असलेल्या माणसाच्या गळ्यात बांधली जायची मी वाचले होते, आणि ते फक्त आत्यामुळं.

यंदा उन्हाळ्यात आत्या गेली. अबोला तसाच राहिला. तेराव्याला तो मुलगा आला, सोबत बायको, तीच परभणीची, आणि कडेवर लेक. त्याच्या वडिलांची समजूत म्हणे आत्यानंच काढली होती, पुन्हापुन्हा जाऊन.

अण्णांनी त्याला पंगतीत आपल्या शेजारी बसवलं.

"आक्काचं बरोबर होतं," ते त्याला म्हणाले. "तिला तेवढं सांगायचं राहिलं."