विनी ऑग्डेनच्या चाव्या

विनी ऑग्डेनचा राग बोलून मोकळा होणारा नव्हता. बार्न्सलीच्या त्यांच्या आळीत म्हणत, ऑग्डेनच्या घरात नवरा बोलतो आणि बायको लक्षात ठेवते. नवरा अर्नी जन्मभर प्लंबर, मोठ्या आवाजाचा आणि लहान मुलासारख्या मनाचा. त्याने कुणाचे वाईट चिंतले नाही, ते खातेही घरात विनीनेच सांभाळले.

दोघांनी हौसेने केलेली एकच गोष्ट म्हणजे मेबलथॉर्पजवळच्या किनाऱ्यावरची त्यांची कॅरव्हॅन, सुट्टीत राहायचे छोटे फिरते घर. नावाला चाके, पण एकदा विटांवर टेकवली की हलायची नाही. मार्चात कॅरव्हॅन लावायची साइट उघडली की यायचे, ऑक्टोबर संपता संपता कुलूप लावून घरी जायचे. त्यांची जागा पहिल्या रांगेत, अगदी टोकाला. पुढे फक्त वाळूचा बांध आणि समुद्र. अर्नीने दारापुढे स्वतःच्या हाताने लाकडी ओटा बांधला होता. त्यावर बसून चहा पिताना तो समुद्राला नावे ठेवायचा, आणि विनी त्याला गप्प बस म्हणायची.

कॅरव्हॅन आपली असते, जमीन मात्र साइटच्या मालकाची, मिस्टर पास्कची. पास्कचा नियम साधा: विमा नसेल तर जागा नाही. आणि विमा कंपनीचा नियम त्याहून साधा: हिवाळ्याआधी पाइपांतले पाणी उतरवलेले नसेल, तर गोठून फुटलेल्या पाइपाची एक दमडी मिळणार नाही. त्यामुळे ऑक्टोबर आला की रांगेतले म्हातारे अर्नीच्या दाराशी यायचे. अर्नी हसत हसत सगळ्या रांगेचे पाणी उतरवायचा. पुढे त्याचे गुडघे गेले. मग विनी कॅरव्हॅनखाली सरपटत जाऊ लागली आणि अर्नी वरून ओरडून सांगू लागला. दोन हिवाळ्यांत त्याला ओरडायचे कारण उरले नाही. लोक घरी जाताना चाव्या विनीच्या कपाटातल्या हुकांवर अडकवून जात. ती जागेवरून हलेपर्यंत रांगेत कुणाचा पाइप फुटला नाही.

अर्नी गेला तो वसंतात. विनी दोन महिने बार्न्सलीहून हलली नाही. जूनमध्ये ती साइटवर आली, तर टोकाच्या जागेवर नेव्हिल स्टबिंग्जची कॅरव्हॅन उभी. हा नेव्हिल मागच्या रांगेतला, कचऱ्याच्या पिंपांशेजारचा, चिप्सच्या दुकानाचा तेलकट वारा खाणारा. अर्नीच्या दफनाला येऊन तो ढसाढसा रडला होता, आणि तिथून थेट पास्ककडे गेला होता. बिचाऱ्या विनीला आता तिथे झेपणार नाही, तिच्याशी माझे बोलणे झाले आहे, असे त्याने सांगितले. पास्कने ट्रॅक्टर लावून अदलाबदल करून टाकली. केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच. हे सगळे विनीला शेजारच्या एडनाकडून कळले, नेव्हिलकडून नव्हे.

नेव्हिल अर्नीच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. तिला बघून लगबगीने उठला.

"ये ये, विनी. तुझ्याच सोयीचं बघितलं गं. इथं वारा किती, तुला सोसायचा नाही. तिकडं दुकान जवळ, नळ जवळ. चहा घेतेस?"

विनीने चहा घेतला. साखर जरा जास्त झाली असे म्हणाली, बाकी काही नाही. मग ती पास्ककडे गेली. पास्क म्हणाला की नेव्हिलची तयारी असेल तर पुन्हा हलवू. नेव्हिलची तयारी नव्हती. त्याच्या कमरेला म्हणे समुद्राची हवा मानवत होती.

उन्हाळाभर ती कचऱ्याच्या पिंपांशेजारी राहिली. खिडकी उघडली की तळणाचा वास पडद्यांत बसायचा. ती भांडली नाही, कुणाजवळ रडली नाही, आणि लोकांना वाटले की तिने सोडून दिले. नेव्हिललाही तेच वाटले, कारण आयत्या बिळावर बसलेल्याला बीळ कुणाचे हे लवकर विसरता येते. ऑक्टोबरात तो स्वतः चावी घेऊन आला, सोबत टॉफीचा डबा. पहिल्या रांगेत आला म्हणजे पहिल्या रांगेची रीत त्यालाही लागू, असा त्याचा हिशोब.

"अर्नी करायचा तस्संच कर हं," तो म्हणाला.

"करते की," विनी म्हणाली आणि चावी हुकावर अडकवली.

साइट रिकामी झाल्यावर तिने अर्नीचा पाना खिशात घातला आणि रांग धरली. बाहेरचा कॉक बंद करायचा, आतले सगळे नळ उघडायचे, बॉयलरखालचे बूच काढायचे, शॉवरची नळी सोडून पाइपात तोंडाने फुंकर घालायची, म्हणजे वाकणात लपलेला शेवटचा घोटही बाहेर येतो. मोरीच्या तोंडात मूठभर मीठ, म्हणजे तिथले पाणी गोठत नाही. एडनाचे झाले, पुढच्यांचे झाले. टोकाला आल्यावर तिने नेव्हिलचे दार उघडले आणि आत जाऊन त्याच्या सोफ्यावर बसली. समोर तिचा समुद्र होता. खाली अर्नीचा ओटा होता, आणि त्याच्या एका फळीवर नेव्हिलने पाय पुसायला भंगार पायपुसणे खिळ्यांनी ठोकले होते. तिला संताप अनावर झाला. पण सूड घ्यायला काही करावे लागणार नव्हते. काही न करणे एवढेच करायचे होते. ती उठली, एकाही नळाला हात न लावता दार ओढून घेतले आणि कुलूप लावले. त्या दुपारी तिने मासा-चिप्स मागवले, वर वाटाण्याचा लगदा, आणि अर्नी गेल्यापासून पहिल्यांदा ताटली चाटूनपुसून साफ केली.

हिवाळा कडक पडला. एडना फोनवर कुडकुडत तक्रार करायची की खिडकीच्या काचा आतून गोठल्या. विनी म्हणायची, गोठू दे, थंडीने जमिनीतले पार्सनिपचे कंद गोड होतात. तिच्या अंगणात पार्सनिप नव्हते.

मार्चात पास्कच्या माणसांनी मुख्य पाणी सोडले. नेव्हिलने जाताना स्वतःच बंद केलेला बाहेरचा कॉक उघडला, किटली ठेवली आणि ओट्यावर येऊन बसला. थोड्या वेळाने दाराखालून पाणी आले आणि त्याच्या चपला भिजल्या. आत पाहिले तर भिंतींच्या फळ्या चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या फुगलेल्या, गालिचा तरंगत, बॉयलर मधोमध उललेला. विनी दूर उभी राहून बघत होती. तिला आनंद झाला. खोटे कशाला सांगा, पोटभर आनंद झाला.

विमा कंपनीची सर्व्हेअर आली, तरुण मुलगी, कोपऱ्याकोपऱ्यात यंत्र लावून ओल बघत फिरली. शेवटी तिने विचारले, पाणी कुणी उतरवले होते. सगळी रांग जमली होती. नेव्हिलने एकदा विनीकडे बघितले.

"मीच," तो म्हणाला. "राहिलं असणार माझ्याकडून."

मुलीने मान हलवली. बूच जागच्या जागी, नळ बंद, म्हणजे उतरवलेलेच नाही. भरपाई मिळणार नाही. नेव्हिल आत गेला आणि बादलीने पाणी काढू लागला. विनीला कोडे पडले. शिव्या ऐकायची तयारी करून ती आली होती.

कोडे रविवारी सुटले. साइटच्या क्लबघरात रोस्टचे जेवण होते. विनी बसली तशी एडना जवळ सरकली आणि आजारी माणसाशी बोलावे तशा स्वरात म्हणाली, "विनी, ती माझी चावी... तुला आता त्रास नको गं. प्लंबर बघू आम्ही." तिच्या मागून दुसरी आली, मग तिसऱ्या घरचा नवरा. सगळे हळू बोलत होते, सावकाश बोलत होते, तिला ऐकू येते की नाही याची खात्री करून घेत होते. मग नेव्हिल आला. त्याने तिच्या ताटात आपल्या हाताने ग्रेव्ही वाढली.

"मनाला लावून घेऊ नको," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "तुझं नाव मी घेतलं नाही, घेणारही नाही. अर्नी गेल्यापासून तुझं लक्ष ठिकाणावर नसतं, आम्हाला काय कळत नाही? या वयात विसरायला होतं."

लोकांनी त्याच्याकडे किती कौतुकाने पाहिले. जागा गिळलेला माणूस साधू झाला होता, आणि ती वेडी म्हातारी. हिवाळाभर तिने मनात जपलेला सूड त्याने ग्रेव्हीसकट तिच्याच ताटात वाढला होता. गप्प बसली असती तर तिला आयुष्यभर सहानुभूती मिळाली असती, आणि कुणी काही विचारले नसते.

विनीने काटा खाली ठेवला.

"मी विसरले नाही, नेव्हिल."

"असू दे गं."

"असू दे कशाला? एडना, तुझ्याकडं थेंब तरी गळला का? तुमच्याकडं? तुमच्याकडं?" तिने एकेकाकडे बोट केले, आणि एकेकाने मान हलवली. "सगळ्यांचं उतरवलं मी. मग तुझ्या सोफ्यावर येऊन बसले, नेव्हिल. खिडकीतून अर्नीचा ओटा बघितला. आणि तुझं पाणी तसंच ठेवून घरी गेले. मुद्दाम. जा, सांग कंपनीला. माझं नाव नीट लिहून घ्यायला सांग."

नेव्हिलचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. त्याने आजूबाजूला पाहिले, पण आता त्याच्याकडे कौतुकाने कुणी बघत नव्हते. सगळे विनीकडे बघत होते.

एडनाने हात पुढे केला.

"चावी तर मला आता हवीच, विनी."

विनीने पर्स उघडली आणि चाव्यांचा अख्खा जुडगा टेबलावर ठेवला. एडना आता आजाऱ्याशी बोलावे तशी सावकाश बोलली नव्हती, हे तिच्या लक्षात आले होते. मग तिने ग्रेव्ही बाजूला सारली आणि उरलेले जेवण सगळे संपवले.