हळदेसाहेबांच्या कुऱ्हाडी

बशीर हळदे बत्तीस वर्षं वनखात्यात होते. गार्ड म्हणून लागले, वनपाल म्हणून निवृत्त झाले, आणि या काळात त्यांनी लोकांच्या हातून किती कुऱ्हाडी काढून घेतल्या त्याची मोजदाद त्यांच्यापाशीही नव्हती. निवृत्तीनंतर त्यांना छंद लागला तो जुन्या कुऱ्हाडी जमवून त्या नव्यासारख्या करायचा. यात काही वावगं आहे असं त्यांना वाटलं नाही. मुरुडमध्ये बाकी सगळ्यांना वाटलं.

सुरुवात झाली म्हसळ्याला. जुना पंखा द्यायला ते एका भंगारवाल्याकडे गेले होते. तिथे ढिगात गंजून लाल झालेलं एक पातं दिसलं. दांडा कधीच गेलेला, पण दांडा बसतो त्या नेढ्याच्या बाजूला कुणा लोहाराने छिन्नीने मारलेल्या तीन रेघा अजून शाबूत होत्या. साहेबांनी ते घरी आणलं, दोन दिवस सिरक्यात बुडवलं, तारेच्या ब्रशाने घासलं, कानस चालवली. गंजाखालून निळसर पोलाद वर आलं तेव्हा त्यांना जो आनंद झाला तो निरोपसमारंभात शाल पांघरतानाही झाला नव्हता.

चार वर्षांत पडवीच्या भिंतीवर चौतीस कुऱ्हाडी लागल्या. प्रत्येकीला हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला सागाचा दांडा, त्यावर पॉलिश आणि पात्याला आरशासारखी चकाकी. कुणी पाहुणा आला की चहा होईपर्यंत साहेब त्याला भिंतीपाशी उभं करत. ही घाटावरची, हिचं पातं रुंद. ही किनाऱ्याची, हिला खाऱ्या हवेने खड्डे पडलेत. लोखंड, घडण, लोहार, सगळं सांगत. ती कुणाच्या हातातली होती एवढं मात्र सांगत नसत. ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारावं असं कधी सुचलंही नव्हतं.

त्यांच्या बायकोचं, गुलबानूचं, दुखणं वेगळं होतं. आंघोळीचं पाणी बंबावर तापायचं, आणि बंबाला ढलप्या लागायच्या. भिंतीवरची एकही कुऱ्हाड साहेब काढू देत नसत, धार जाते म्हणून. मग गुलबानू शेजारच्या वेणूबाईकडे कोयता मागायला जाई. वेणूबाई मासळी विकणारी, तोंडाने फटकळ. दर वेळी कोयता देताना ती विचारी, की त्या चौतीस कुराडी घराला नजर लागू नये म्हणून टांगल्यात काय.

गेल्या माघात भंगारवाल्याचा फोन आला, सात नग आलेत. साहेब दिघीच्या फेरीबोटीवर स्कूटर चढवून म्हसळ्याला गेले आणि सातही पाती गोणपाटात बांधून दुपारी परत निघाले. त्या आठवड्यात वर रानात खैराची चोरटी तोड झाली होती, म्हणून वाटेतल्या नाक्यावर तपासणी चालू होती. सुजित नावाचा नवा गार्ड उभा होता. त्याने हात केला तेव्हा साहेबांना वाटलं, सलाम करतोय. त्यांनी मान लववली आणि पुढे निघाले. सुजितने शिट्टी मारली.

गोणपाट उघडलं. सुजितने एकेक पातं बाहेर काढून रस्त्याच्या कडेला ओळीने मांडलं आणि विचारलं, "आजोबा, हे काय?"

साहेब म्हणाले, छंद आहे. सुजितने त्यांच्याकडे नीट पाहिलं. कुऱ्हाडींचा छंद हे कारण त्याच्या अजून कानावर आलं नव्हतं, पण त्याला नोकरीला लागून आठच महिने झाले होते. मग साहेबांनी आपण कोण ते सांगितलं. ओळखपत्र विचारलं तर ते घरी कपाटात. सुजित अदबीने म्हणाला, की इथे थांबवलेला प्रत्येक माणूस खात्यातल्या कुणाचा तरी कुणी असतोच. हे वाक्य साहेबांनी स्वतः शेकडो वेळा वापरलं होतं.

पंचनामा सुरू झाला. सुजित खात्याच्या जीपच्या बोनेटवर कागद ठेवून लिहीत होता आणि साहेब शेजारी उभे राहून वाचत होते. थोडा वेळ त्यांनी कळ काढली. मग राहवेना.

"‘सापडल्या’ नको," ते म्हणाले. "‘मिळून आल्या’ असं लिहा. आणि नगांची संख्या अक्षरीही लागते, नाहीतर रेंजरसाहेब परत पाठवतात."

सुजितने खोडून तसं लिहिलं. हा माणूस खात्यातला असावा अशी पहिली शंका त्याला तेव्हा आली, पण लिहिता कागद अर्ध्यावर टाकायचा कसा? त्याला दोन पंच हवे होते. एक टपरीवाला मिळाला. दुसरा म्हणून त्याने टपरीच्या बाकावर चहा पीत बसलेल्या म्हाताऱ्याला बोलावलं. तो वरच्या वाडीतला कातकरी, काळूराम. तो उठून आला, पात्यांकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं.

सुजितने विचारलं, या गृहस्थांना ओळखता का.

"वळखतो तर," काळूराम म्हणाला. "हे हळदेसायब. माझी कुराड यांनीच नेली व्हती."

साहेबांना तो आठवला नाही. असे पुष्कळ होते. काळूरामच्या बोलण्यात ना राग होता ना टोमणा. त्याने वर्ष सांगितलं, ओढा सांगितला, साहेबांनी तेव्हा मोठ्या मिशा ठेवल्या होत्या हेही सांगितलं. कुऱ्हाड बापाची होती, एवढं मात्र दोनदा सांगितलं.

ज्याची कुऱ्हाड गेली त्याच्या साक्षीवर ज्याने नेली तो सुटला. सुजितने कागद फाडला, माफी मागितली, चहा सांगितला. चहा येईपर्यंत काळूराम खाली उकिडवा बसला आणि सातही पाती एकेक करून उलटी-सुलटी करू लागला.

"न्हाय," शेवटी तो म्हणाला. "यांत न्हाय."

खात्याने जप्त केलेल्या कुऱ्हाडी पुढे कुठे जात हे साहेबांना माहीत होतं. काही वर्षं गोदामात पडायच्या, मग लिलावात भंगारवाल्याकडे. आपली भिंत कुठून भरली हेही त्यांना ठाऊक असायला हवं होतं. पण ते दोन्ही एकत्र त्यांच्या डोक्यात आलं ते त्या टपरीवर, चहाचा पेला हातात असताना. चहा तसाच ठेवून ते म्हणाले, "घरी अजून चौतीस आहेत. चल. चला, बघा."

अरे-तुरेवरून ते अहो-जाहोवर कधी आले ते त्यांनाच कळलं नाही. काळूराम स्कूटरवर मागे बसला, गोणपाट मांडीवर घेऊन.

पडवीत त्याने सगळ्या भिंतीवरून नजर फिरवली. मग एकेक कुऱ्हाड काढून पाहिली. साहेब मागे उभे होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा भिंतीपाशी काही बोलत नव्हते. गुलबानू चहा घेऊन आली, "भाऊ, बसून घ्या," म्हणाली, तरी तो बसला नाही. चौतिसावी परत खिळ्यावर अडकवून त्याने मान हलवली. तिथेही नव्हती.

"यातली कुठलीही न्या," साहेब म्हणाले. "आवडेल ती."

काळूरामने एक उचलली, हवेत दोनदा तोलली, दांड्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं. "सायब, दांडा सागाचा हाय. दोन घावांत मोडंल. धामणीचा पायजे, ती लवते. आणि पातं एवढं घासून पातळ केलंय की गाठीवर बसलं तर कपचा उडंल." मग त्याला वाटलं असावं, फार बोललो. "भितीवर लय झ्याक दिसतात पण," तो म्हणाला.

गुलबानू पदर तोंडाशी धरून आत गेली.

चार वर्षांच्या कामाचा असा निकाल लागल्यावर दुसरा कुणी रुसला असता. साहेबांनी दुसऱ्या दिवशी खात्याला अर्ज लिहिला, छंदासाठी धामणीच्या सहा फांद्या तोडण्याची परवानगी मिळावी. अर्ज नमुनेदार होता. पोच मिळाली, मग शेरा आला, मग प्रयोजन स्पष्ट करावे असं पत्र आलं. साहेब स्पष्ट करत राहिले. असाच पावसाळा उलटला आणि दसऱ्याच्या आधी एक दिवस काळूराम पडवीत उभा राहिला, काखेत धामणीच्या सहा सरळ काठ्या, साल काढून सुकवलेल्या.

त्या कुठल्या, हे साहेबांनी विचारलं नाही. बत्तीस वर्षांत एवढा एकच प्रश्न त्यांनी हजारदा विचारला होता. काळूरामने क्षणभर वाट पाहिली, मग खाली बसून पहिली काठी तासायला घेतली.

दोघांनी मिळून सहा कुऱ्हाडींना दांडे बसवले. काठी नेढ्यात कशी घालायची, पाचर कुठल्या अंगाने मारायची, हे काळूरामने दाखवलं आणि साहेबांनी दोन वेळा चुकवलं. जाताना तीन रेघांची ती पहिली कुऱ्हाड साहेबांनी त्याला दिली. आग्रह करावा लागला.

दिवाळीनंतर साहेब पुन्हा म्हसळ्याला निघाले होते. वळणावर समोरून काळूराम येताना दिसला, खांद्यावर तीच कुऱ्हाड. साहेबांना बरं वाटलं, हॉर्न द्यायला त्यांनी अंगठा उचलला. तेवढ्यात काळूरामची नजर वर गेली, आणि त्याने कुऱ्हाड झटकन खांद्यावरून उतरवून पाठीमागे लपवली.

मग त्याच्याही लक्षात आलं. तो ओशाळून हसला. साहेबही हसले, पण स्कूटर थांबवायचं त्यांना धाडस झालं नाही.